आईच्या नावाचा मासा

शहादा,
मंगळवार, दुकानात बसून

तीर्थस्वरूप नवनीतमामांच्या चरणी भाचा चंपालाल याचे पगेलागणा, आणि घरातल्या लहानथोरांना जय जिनेंद्र. आपला गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेले तेल चोळता, की बाटली नुसती देवघराशेजारी मांडून ठेवली आहे? मामींच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरोखर सुखरूप आहोत की नाही हे पुढचे वाचून आपणच ठरवावे, कारण मला गेल्या आठवड्यापासून काहीच ठरवता येईनासे झाले आहे.

फोन न करता पत्र का, असे म्हणाल. रविवारी फोन केला होता, तो आपल्याला आठवत असेल तर. कानाचे यंत्र आपण ठेवणीतल्या कोटाच्या खिशात ठेवले आहे असे मामी मागून सांगत होत्या. मी दुकानाच्या ओट्यावर उभा राहून चार वेळा बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मासा! मामा, मासा! आईच्या नावाचा मासा!" आपण "बरं बरं, सगळ्यांना आशीर्वाद" म्हणून फोन ठेवलात. समोरचा सोनार, शेजारचा बियाणेवाला आणि रस्त्यावरचा केळीवाला असे सगळे मात्र काम टाकून माझ्याकडे बघत राहिले. जैन कापडवाल्याने भर बाजारात मासा म्हणून हाक मारायची, म्हणजे लोकांनी तरी काय समजावे? (ब्लाउजपीस बघत असलेल्या दोन बायका उठून गेल्या. परत आल्या नाहीत.) तेव्हापासून कागदच बरा असे ठरवले.

मुख्य गोष्ट आधी लिहून टाकतो, कारण माझे पत्र भरकटते हे आपण मी चौथीत असल्यापासून सांगत आला आहात. आईने शुक्रवारपासून अन्न सोडले आहे. उकळलेले पाणी, तेही दिवस मावळायच्या आत, एवढ्यावर आहे. आज पाचवा दिवस. वय एक्क्याऐंशी. कारण मासा. ती आयुष्यात कोणाचे ऐकत असेल तर धाकट्या भावाचे, म्हणजे आपले. तरी हे पत्र मिळताच अमळनेरहून जी पहिली एसटी मिळेल तिने निघून यावे आणि तिला चार घास खायला लावावे. नाहीतर मी काय करू हे मला समजत नाही. आता सविस्तर.

माझी धाकटी फाल्गुनी गोव्याला समुद्राच्या संशोधनात नोकरीला लागली, त्याला तीन वर्षे झाली. लागली त्या दिवशी पेढे घेऊन आईच्या पाया पडायला गेली, तेव्हा आईने विचारले की काम कशाचे? पोरीने सरळ सांगितले, माशांचे. (दुसरे काहीही सांगता आले असते. पाण्याचे म्हणाली असती तरी खोटे झाले नसते.) आईने पेढा परत डब्यात ठेवला आणि त्या दिवसापासून नातीशी बोलणे बंद केले. भांडली नाही, रागावली नाही, नुसती गप्प. फोनवर फाल्गुनीचा आवाज आला की फोन माझ्या हातात. जिने त्या पोरीला पाळण्यापासून मांडीवर वाढवले, तिनेच असे करावे आणि मी मध्ये निरोप्यासारखे उभे राहावे, हे तीन वर्षे चालले होते. मला याचा किती त्रास झाला हे मी कोणाला बोललो नाही, आपल्याला आज लिहितो.

तर ही फाल्गुनी मागे दोन महिने बोटीवर होती. हिंदी महासागरात खूप खाली, जवळजवळ तीन किलोमीटर खोल, तळाला भेगा आहेत म्हणे, आणि त्यांतून गरम पाण्याचे फवारे निघतात. किती गरम, तर उकळत्या पाण्याच्या तिप्पट. पण ते उकळत नाही. का उकळत नाही, असे मी विचारले तर म्हणाली, वरच्या पाण्याचा दाब. मी मान हलवली. मग म्हणाली की त्या पाण्यातून काळा धूर निघतो. पाण्यात धूर? तर म्हणे तो धूर नव्हे, धुरासारखा दिसतो. मी पुन्हा मान हलवली. तिथे ऊन पोचत नाही, झाड नाही, गवत नाही, तरी त्या फवाऱ्यांच्या आजूबाजूला जिवांची वस्ती आहे. एवढी जागा असताना हे जीव तिथेच का राहतात, हे मी विचारले नाही, कारण उन्हाळ्यात आपण शहाद्यात का राहतो याचे तरी माझ्याकडे कुठे उत्तर आहे.

घोटाळा झाला तो पुढे. एक दिवस दुपारी मी गिऱ्हाइकाला शर्टाचे कापड मोजून देत असताना फाल्गुनीचा फोन आला. "पप्पा, समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आहेत ना, तिथलं एक नवीन सापडलंय. त्याला दादीचं नाव द्यायचं म्हणते. चालेल?" मीटरपट्टी हातात, कात्री तोंडात (हात अडकलेले असले की मी कात्री दातात धरतो, आपण त्यावरून रागावला होतात), मी "हं हं" केले. मामा, आता मला सांगा, आपल्या समाजात नाव देणे म्हणजे काय असते? पाटी असते. धर्मशाळेच्या खोलीवर, पाणपोईवर, जिन्याच्या पायरीवर. समाजाच्या भवनातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर माझ्या आजोबांचे नाव आहे, पंखा सुरू झाला की वाचता येत नाही. त्यामुळे माझी खात्री झाली की सरकारने समुद्रात गरम पाण्याचा झरा शोधला आणि फाल्गुनीने मोठ्या मनाने त्याला आजीचे नाव मिळवून दिले. इथे उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहेच, लोक लांबून आंघोळीला येतात. तसलाच, पण खोल. मासा हा शब्द फोनमध्ये कुठेही आला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

मी घरी जाऊन आईला सांगितले. आईने हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाली, "फाल्गुनी म्हारो नाम दियो?" तीन वर्षांनी तिच्या तोंडून पोरीचे नाव निघाले, मामा. मी तिथल्या तिथे रडलो. आणि रडून झाल्यावर जी चूक करायची ती केली, म्हणजे समाजाचे सेक्रेटरी अभिनंदनशेठ यांना सांगितले.

अभिनंदनशेठना आपण ओळखता. सत्काराशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही, स्वतःचा नसला तरी चालतो. त्यांनी लगेच गुरुवारी सकाळी भवनात आईचा, म्हणजे गवराबाईंचा सत्कार जाहीर केला. बॅनरचे काम गफूरकडे दिले. (हा गफूर म्हणजे आपल्या वेळच्या पेंटरचा मुलगा, आता ब्रश सोडून फ्लेक्स छापतो.) गफूरने फोन करून विचारले, "शेठ, झरा कोठे शे? उनपदेवना फोटो टाकी देऊ का?" मला काय माहीत? मी म्हटले टाक. त्याप्रमाणे बसस्टँडसमोर बारा फुटी बॅनर लागला, 'गवराबाई उष्णजल झरा', खाली वाफाळते पाणी आणि हात जोडलेली आई. त्याचा परिणाम असा झाला की बुधवारी धडगावहून एक जीप भरून माणसे टॉवेल-साबण घेऊन दुकानासमोर उतरली. "शेठ, गवराबाईना झराना रस्ता कोठून जास?" मी त्यांना समुद्र असे सांगू शकलो नाही. चहा पाजला आणि उनपदेवला पाठवले.

फाल्गुनीला सत्काराचे कळवले तर तीसुद्धा फोनवर रडली. तिला वाटले, तिच्या कामाचा समाजाने एवढ्या मोठ्या मनाने स्वीकार केला. तिने दहा दिवसांची रजा काढली, एक मोठा फोटो फ्रेम करून घेतला आणि बसने आली. फोटो कापडात गुंडाळलेला होता. मी विचारले, झऱ्याचा का? ती म्हणाली, "तिथलाच." अजूनही माझ्याशी कोणी खोटे बोलले नव्हते, हे ध्यानात घ्या.

गुरुवारी भवन भरले. (माझी सौभाग्यवती थोरल्या लेकीच्या, मुस्कानच्या, बाळंतपणाला सुरतेला गेली आहे म्हणून ती वाचली.) अभिनंदनशेठ पाणी म्हणजे जीवन यावर अर्धा तास बोलले. मग आईच्या हातून फोटोवरचे कापड काढवले. आत मासा होता. एकच, वीतभर लांब, फिकट गुलाबी, वाळत घातलेल्या ओल्या मोज्यासारखा लोंबता, आणि साडी परत घ्यायला नकार दिल्यावर गिऱ्हाइकाचे तोंड होते तसे तोंड. खाली इंग्रजीत दोन शब्दांचे नाव, त्यातल्या दुसऱ्यात आपली गवराबाई स्पष्ट वाचता येत होती. पुढच्या रांगेतले लोक खुर्च्या मागे सरकवू लागले. अभिनंदनशेठनी शाल आधीच उचलली होती, ती कोणाला घालावी हे न कळून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

आईने फोटो फार वेळ पाहिला. मग नातीकडे बघून तीन वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"ओ जीवतो है कांई?"

"कोनी, दादी," फाल्गुनी म्हणाली. "वर आणतानाच गेला. बाटलीत ठेवलाय."

"तो इणनै इणरा पाणी में पाछो छोड."

त्याला त्याच्या पाण्यात परत सोड. एवढे बोलून आईने हात जोडले, डोळे मिटले, उपवासाचा नेम करून पच्चक्खाण घेतले आणि कोणाचाही हात न धरता चालत घरी गेली. मासा पाण्यात जाईपर्यंत उपवास, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले.

आपल्याला हे वेगळे समजावायला नको. आपल्या घरात पाणी कापडातून गाळले की गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत नेऊन सोडायचे, दुसऱ्या नाही. मामा, आपण लहानपणी आळस करून ते शेजारच्या विहिरीत ओतले म्हणून आईने आपल्याला थोबाडले होते, ती गोष्ट ती अजून हसत सांगते. तिच्या हिशेबी हाही गाळण्यावर राहिलेला जीव. फरक एवढाच की विहीर समुद्राच्या तळाला आहे.

मी फाल्गुनीला म्हटले, सोडून दे बाई, मेलेलाच आहे, समुद्रही मोठा आहे. तर म्हणे तसे करता येत नाही. नवीन जातीचे नाव ठेवायचे तर त्या जातीतला एक नमुना कायमचा सांभाळावा लागतो. पुढे शंभर वर्षांनी कोणाला दुसरा सापडला तर त्याने येऊन या बाटलीतल्याशी ताडून बघायचे, तोच हा की वेगळा. हे मला चक्क समजले, कारण गिरणीचा नमुन्याचा तुकडा मीही कपाटात जपून ठेवतो आणि नवा तागा आला की त्याच्याशी रंग लावून बघतो. समजल्यामुळे मी जास्तच अडचणीत आलो. आता दोघीही बरोबर वाटतात आणि मी मध्ये.

शुक्रवारी समाजाची बैठक झाली. अभिनंदनशेठचे म्हणणे, सरकारला लिहून नाव मागे घ्या. काहींनी मासा आपल्यात बसतो का ते बघा असा तोडगा काढला. तो गरम पाण्याजवळ राहतो, हे चांगलेच. कांदा-बटाटा तिथे उगवत नाही, म्हणजे कंदमुळाचा प्रश्न मिटला. मग एकाने विचारले, तिथे सूर्य उगवतच नाही तर मासा सूर्यास्तानंतर जेवतो असे म्हणायचे की सूर्योदयाआधी? यावर पाऊण तास गेला. शेवटी फाल्गुनीला बोलावून विचारले की खातो काय? ती म्हणाली, बारीक गोगलगायी. एवढे कबूल करायची काय गरज होती? बैठक तिथेच उठली. बाहेर गफूर भेटला, तो म्हणाला, "शेठ, बॅनर ते मी तुमनं ऐकीसन बनाडं, मन्हा काय दोष?" त्याचा काही दोष नाही. कोणाचाच दोष सापडत नाही, हेच तर माझे दुखणे आहे.

आता घरची स्थिती. फाल्गुनी दिवसभर आजीच्या खोलीत बसलेली असते. आई विचारते, ती सांगते. परवा मी दाराशी थांबून ऐकले. आई विचारत होती की या जिवाला इंद्रिये किती. डोळे आहेत, पण तिथे तर काळोख. मग पाच धरायची की चार? फाल्गुनी म्हणाली, "दादी, हे आम्हालाही नक्की माहीत नाही." आई म्हणाली, मग तसे लिही. पोरीने खरोखर वहीत लिहिले. एकमेकींशी बोलतात हे चांगले की उपाशीपोटी बोलतात हे वाईट, याचा विचार करत मी दुकानात येतो. माझा डबाही आता फाल्गुनीच दुकानात पाठवते, घरी पाने मांडलेली मी पाहिलेली नाहीत, आणि आईसमोर बसून जेवायची माझी छातीही नाही. शनिवारी पोरीची मूळ रजा संपते, ती वाढावी म्हणून मी रोज तिच्या साहेबांना फोन करतो. पुढच्या महिन्यात ती पुन्हा बोटीवर जाईल ती चार महिन्यांसाठी, आणि आईचे वय मी वर लिहिलेच आहे. म्हणून पुन्हा हात जोडून विनवतो, आपण यावे. कोट घालून यावे, म्हणजे यंत्रही बरोबर येईल. कमी-जास्त लिहिले गेले असेल तर क्षमा असावी.

आपला आज्ञाधारक आणि गोंधळलेला भाचा,
चंपालाल

ता. क. (बुधवार) : पत्र काल टपालात पडले नाही, दुकानात कापड घेणाऱ्यांची गर्दी होती. हे एका अर्थी बरे झाले. आज दुपारी डोके दुखले म्हणून गोळी घ्यायला अवेळी घरी गेलो. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून बघतो तो आई पाटावर बसून खाखरा खाते आहे! खिचडीची वाटी शेजारी. समोर फाल्गुनी, दोघींच्या मध्ये माशाच्या काट्यांचा एक्स-रे फोटो आणि मुगाचा ढीग. माशाच्या पराचा एक काटा मोजला की आई एक मूग बाजूला सारते. भिंतीवरच्या पंचांगावर आईच्या अक्षरात लिहिलेले मी या वेळी चष्मा लावून वाचले. शुक्रवारी 'तेलो', सोमवारी 'पारणो'. म्हणजे उपवास तीनच दिवसांचा होता, बाटलीतल्या जिवासाठी प्रायश्चित्त. सोमवारी सकाळीच तो सुटला आहे. मासा परत जाईपर्यंत असे ती म्हणालीच नव्हती, ते मी माझ्या मनाने जोडले होते.

ता. क. दुसरा : मी चपला हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, ते ऐकण्यासाठी. आईच्या मोजणीत नव्व्याण्णव मूग आले. फाल्गुनीच्या कागदात अठ्ठ्याण्णव काटे आहेत, तेही तीन शास्त्रज्ञांनी मोजलेले. पोरीने दोनदा मोजले. नव्व्याण्णवच. ती म्हणाली, छापायच्या आधी दुरुस्ती पाठवते. मग भीत भीत म्हणाली की दादी, तुझे नाव काढून टाकू का, समाज म्हणतो तसे? आई हात झटकून म्हणाली, "बिना नाम रा जीव सूं खमावणो कीकर?" संवत्सरीला आपण साऱ्या जिवांची क्षमा मागतो, पण हा खाली आहे हेच जिथे माहीत नव्हते, तिथे त्याची क्षमा मागणार कोण आणि कशी? आता त्याला नाव आहे. माझे तर माझे, असे ती म्हणाली, आणि वर म्हणाली की दुसरा मात्र काढायचा नाही, एकाचीच क्षमा मला पुरे. फाल्गुनी "हो" म्हणाली. (बोटीवर ती कशाला जाते आहे, हे मला नीट माहीत नाही. मी विचारणार नाही.)

ता. क. तिसरा आणि खरा : मी आवाज न करता परत दुकानात आलो. डोकेदुखी राहिली ती राहिली. त्या दोघी मला का सांगत नाहीत, याचा विचार करता करता मला संध्याकाळ झाली. आई उपाशी आहे या भीतीने मी रोज गोव्याला फोन करून फाल्गुनीच्या साहेबांकडे रजा वाढवून मागतो आहे, आणि ते एकेक दिवस देत आहेत. आजी जेवते आहे हे मला कळले की फोन बंद, आणि पोरगी शनिवारी बसमध्ये. घरी जाऊन मी आईला नेहमीसारखे तोंड पाडून विचारले की कसे आहे. ती म्हणाली, "साता है." तेही खरेच आहे, साता म्हणजे सुख, ते आहेच. तेव्हा मामा, कृपा करून येऊ नका. आपल्यासमोर आईला गप्प बसता येणार नाही. उलट आपल्या हाताने चार ओळी लिहून पाठवा की गुडघ्यामुळे महिनाभर येणे जमणार नाही, तोवर बहिणीला फाल्गुनीच्या स्वाधीन ठेवावे. ते पत्र मी दोघींना मोठ्याने वाचून दाखवीन आणि साहेबांनाही त्याचा फोटो पाठवीन. उद्या सकाळी मी पुन्हा गोव्याला फोन करणार आहे आणि आईचा सातवा दिवस आहे असे सांगणार आहे. माझ्यापुरता तो आहेच.